एक सप्तक खाली

यशोधरानं पर्स काखेत दाबली, दोन्ही हात मोकळे केले आणि गिटारच्या पोटाला उजवा कान लावला.

"आता वाजवा," ती म्हणाली.

गोपसेठनं एकदा तिच्याकडे आणि एकदा दुकानाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. उल्हासनगर कॅम्प एकच्या त्या गल्लीत दुनियेभरचा माल येऊन पडतो, गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची येतात; पण लाकडाला कान लावून गिटार घेणारी बाई त्याच्या दुकानात पहिलीच असावी.

"दीदी, ये इलेक्ट्रिक है. डब्बे में जोडेगा तब आवाज आएगा."

"डब्बा बाद में. पहले ऐसाच बजाव. सबसे मोटी तार."

त्यानं अंगठ्यानं जाड तार ओढून सोडली. आवाज कानात आलाच नाही. तो आधी जबड्यात आला, मग दाढेत, मग मानेतून खाली उतरला. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर हात ठेवला की येतो तसा. यशोधरानं डोळे मिटले. "अब सबसे पतली."

सगळ्यांत बारीक तारही हार्मोनियमच्या खालच्या सप्तकातच बसली. तिला तेवढंच पाहिजे होतं.

राजेंद्रला कुठपर्यंत ऐकू येतं, हे तिच्याइतकं पक्कं कानाच्या डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरनं कागदावर आलेख काढून दिला होता, शीर सुकलीय म्हणाला होता, आणि कानात घालायचं यंत्र दिलं होतं. ते घातलं की सगळं जग पत्र्याच्या डब्यात घालून हलवल्यासारखं वाजायचं, म्हणून ते आता टेबलाच्या खणात होतं. यशोधरानं आपली तपासणी आपणच केली होती. नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं, हार्मोनियम पुढ्यात घेतली आणि खालून एकेक पट्टी दाबत गेली. ऐकू आलं की त्यानं हात वर करायचा. मधल्या सप्तकाच्या गंधारापर्यंत हात वर होत गेला. त्याच्या पुढं तो गुडघ्यावर पडून राहिला तो राहिलाच. यशोधराचा आवाज सुरू व्हायचा तो त्याच्या पुढं.

"बजाता कौन है?" गोपसेठनं विचारलं.

"हमारे मिस्टर."

"बेस बजाते हैं?"

"गिटार."

"फिर ये क्यूं ले रहे हो? दीदी, मैं झूठ नहीं बोलेगा. दिखता गिटार है, छे तार है, पर है ये बेस. पुराने जमाने का मॉडेल है, माल नया है. दो साल से टंगा है. गिटारवाले बोलते हैं मोटा है, बेसवाले बोलते हैं तार पास-पास हैं. दोनों हाथ लगाके चले जाते हैं."

कडेला काळा, मध्ये मधाच्या रंगाचा, छातीवर कासवाच्या पाठीसारखी पट्टी. दोन वर्षं टांगून राहिल्यानं त्याच्यावर बसलेली धूळ तिनं पदरानं पुसली.

"बोटं तीच ना? उंगली वोही? जगह वोही?"

"सब वोही. सिर्फ एक सप्तक नीचे."

"मग द्या," ती मराठीत म्हणाली. भाव मात्र तिनं केला. तेवढं तरी नेहमीसारखं व्हायला पाहिजे होतं.

राजेंद्र अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा दाबायच्या प्रेसवर बावीस वर्षं होता. दिवसभर घणघणाट, संध्याकाळी गायन पार्टी. पार्टी दौलतरावांची, गाणी लिहायचे ते, चाली लावायचे ते, हार्मोनियमवर बसायचेही तेच. ढोलकीला महेश, कीबोर्डला सोनू, गिटारला राजेंद्र आणि गायला यशोधरा. बदलापूरपासून विठ्ठलवाडीपर्यंत जयंती असो की बुद्धपौर्णिमा, पार्टीला बोलावणं असायचं. लोक म्हणायचे, बाईचा आवाज काय चढतो! चढायचाच. एके काळी माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

कान गेल्याचं दोघांनी पार्टीला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय? गेली दोन वर्षं राजेंद्र तिच्याकडे बघून वाजवत होता. ती श्वास घ्यायची तेव्हा खांदे किती उचलतात, अंतऱ्याला जाताना डाव्या हाताची बोटं कशी मिटतात, गळ्याची शीर कुठं ताणते, सगळं त्याच्या डोळ्यांत बसलं होतं. मुलगी बघायला आला होता तेव्हा त्यानं तिच्याकडे इतकं बघितलं नव्हतं. त्या दिवशी तो नुसते पोहे बघत होता. आता मात्र गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्याची नजर ढळायची नाही. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. "बघ गं, एवढी वर्षं झाली तरी!" यशोधराला लाज वाटायची. आणि ती लाज आपल्याला आवडते, याचीही वेगळी लाज वाटायची.

हे बघणं लागायचंच, कारण गायन पार्टीचं गाणं सरळ चालत नाही. श्रोत्यांतून कुणीही केव्हाही उठतो, बक्षिसाची नोट घेऊन समोर येतो. मग ओळ अर्धी असली तरी गाणं तिथंच थांबवायचं, सगळ्या वाद्यांनी एकदम गप्प व्हायचं, देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारायचं, जय भीम म्हणायचं, आणि सोडलं तिथून पुन्हा उचलायचं. एक वाद्य जरी मागं वाजत राहिलं तरी देणाऱ्याचा मान गेला. राजेंद्रचं थांबणं कधी चुकलं नव्हतं. चुकत होता तो सूर. गिटारचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून तो तारा जोरानं ओढायचा, त्या उतरायच्या आणि उतरल्याचं त्याला कळायचं नाही. दौलतराव हार्मोनियमवरून मान वर करून बघायला लागले होते. पार्टी सुटली तर? त्याच्यापाशी आता तेवढं एकच उरलं होतं. प्रेसवरून तर त्याला केव्हाच पॅकिंगला बसवलं होतं.

म्हणून ही सहा तारांची खटपट.

कात्रपच्या घरात राजेंद्रनं ते वाद्य मांडीवर घेतलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. भारनियमनात वीज जायला अजून तासभर होता. त्यानं नेहमीच्या जागी बोटं ठेवली आणि तार छेडली. मग हात तसाच ठेवून बसला.

"काय झालं?" यशोधरानं त्याच्यासमोर जाऊन विचारलं.

"आलं."

"काय आलं?"

"आवाज आला गं." त्यानं पुन्हा छेडली. मग खालची. मग तिच्याही खालची. हनुवटी वाद्याच्या शिंगासारख्या टोकावर टेकवली आणि एक जुनी चाल वाजवायला घेतली. आधी चाचपडत, मग सरसर. बोटांना नवं काही शिकायचं नव्हतंच. यशोधरा स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळता मळता तिनं रडून घेतलं. दोन वर्षांत त्यानं कुणी सांगितल्याशिवाय कधी वाद्य हातात घेतलं नव्हतं.

अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाई दारात हजर.

"अहो राजाभाऊ, काय चाललंय काय? मांडणीवरची भांडी थरथरतायत माझी!"

राजेंद्रला त्यांचे ओठ कळले. त्याचा चेहरा उजळला. "तुम्हालापण ऐकू गेलं?"

"ऐकू? पायातनं वर आलं माझ्या!"

"या ना, बसा. आणखी वाजवतो."

सुंदराबाई भांडायला आल्या होत्या त्या चहा पिऊन गेल्या. त्या चहासाठी यशोधरानं राजेंद्रला आतून चार वेळा हाक मारली होती. एरवी हाक ऐकू आली नाही तरी तिची सावली हलली की तो मान वर करायचा. आज डोळे मिटून वाजवत होता. तिनं कप त्याच्या गुडघ्याशी नेऊन ठेवला आणि रमलाय, रमू दे, म्हणून स्वतःशीच हसली.

तालीम हेंद्रेपाड्याला, दौलतरावांच्या घरी. सोनूनं नवं वाद्य उलटंसुलटं करून बघितलं, "भारी आहे, एकदम जुन्या पिक्चरवाला लुक," म्हणाला. महेश ढोलकीच्या कड्या सारत म्हणाला, "राजाभाऊ, गिटार मोठी झाली का तुमची? आवाज फुटलाय तिचा." सगळे हसले, राजेंद्रही हसला, महेश काय म्हणाला ते न कळता.

पण गाणं सुरू झालं तेव्हा महेशनं मान डोलावली. खाली काहीतरी भक्कम आलं होतं, जोत्यासारखं. दौलतरावांनी बुद्धपौर्णिमेसाठी नवीन बांधलेलं गाणं होतं. आई आधी स्वतः शिकते आणि मग लेकीला शिकवते, असं. 'पाटीवर उमटलं पहिलं अक्षर, माये,' असा मुखडा; प्रत्येक अंतराही 'माये'वरच येऊन टेकायचा. यशोधराचा घसा त्या दिवशी धरला होता. पहिला अंतरा तिनं कसाबसा काढला, दुसऱ्याला हातानंच सगळ्यांना 'चालू द्या' अशी खूण केली आणि बाजूला बसून कोमट पाणी घोट घोट पीत राहिली. दुसरा अंतरा नुसता वाद्यांवर गेला.

मग दौलतरावांनी मध्येच हात वर केला. बक्षिसाचा थांबा. ढोलकी थांबली, कीबोर्ड थांबला.

बेस वाजत राहिला.

राजेंद्रचे डोळे मिटलेले होते. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. सोनू फिस्सकन हसला.

"राजाभाऊ, स्टॉप आला, उतरा!" महेशनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

राजेंद्रनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं. "तंद्री लागली राव," म्हणाला. पुन्हा हशा झाला. तालमीत आणखी दोनदा तसंच झालं. शेवटच्या वेळी हसायला फक्त सोनू उरला होता.

निघताना यशोधरा चपला शोधत होती, तेव्हा दौलतराव बाहेर आले.

"बाई, मला वर्ष झालं माहीत होऊन."

तिनं चपलेत घातलेला पाय तसाच ठेवला. "कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी समोर बसतो त्याच्या. तो तुझ्याकडं बघून वाजवतो तोवर माझी काही तक्रार नव्हती. गिटार बेसूर लागायची, पण माणूस थांबायचा बरोबर. आता सुरात वाजवतोय, तर थांबतच नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पौर्णिमेला अंबरनाथला किती लोक बक्षीस घेऊन उठतात, तुला माहीत आहे. तिथं निभलं तर निभलं. नाही तर सोनूच्या कीबोर्डात बेसचा आवाज आहेच. मला काही आनंद नाही त्याच्यात."

"मी सांगते त्यांना."

"सांग. बघून वाजव म्हणावं. एवढंच सांग."

एवढंच सांगायला तिला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. राजेंद्र जुन्या बनियनच्या तुकड्यानं तारा पुसत होता. ती खिडकीसमोर उभी राहिली, तोंडावर उजेड येईल अशी. त्याच्याशी बोलायचं म्हणजे आधी उजेड शोधायचा, ही आता सवय झाली होती.

"अहो, वाजवताना माझ्याकडे बघत जा."

"का?"

"पहिल्यासारखं."

"पहिलं कशाला पाहिजे आता? तेव्हा ऐकू येत नव्हतं म्हणून बघत होतो. मान आखडायची माझी." तो हसला. "आता येतंय की."

"तुमचा आवाज तुम्हाला येतोय. मी कुठं येते?"

"येतेस की," राजेंद्र म्हणाला. पुसायचं थांबून त्यानं तिच्याकडे बघितलं. "यशू, काल दुसऱ्या अंतऱ्याला काय गायलीस तू! 'माये'वर जी जागा घेतलीस ना, वरून खाली सोडत आणलीस, काटा आला अंगावर. लग्नाच्या वर्षी घ्यायचीस तशी. मधली कितीतरी वर्षं सोडूनच दिली होतीस. मी म्हटलं, आली, परत आली."

यशोधरा खिडकीच्या गजाला धरून उभी होती. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, भोंगा वाजवत. ती जागा तिनं सोडली होती हे खरं. थायरॉइडचं ऑपरेशन झाल्यावर वरचा स्वर टिकेना, म्हणून वळसा घालून खालून जायला लागली होती. ते कुणाच्या लक्षात आलंय असं तिला वाटलं नव्हतं. आणि काल दुसऱ्या अंतऱ्याला ती कोपऱ्यात पाणी पीत बसली होती.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "काल घसा बरा होता."

तो समाधानानं पुन्हा तारा पुसायला लागला. दौलतरावांचा निरोप तिच्या तोंडात तसाच राहिला. नंतरच्या आठवड्यात तिनं तो दोनदा बाहेर काढायचा प्रयत्न केला. एकदा तो जेवत होता, आणि जेवताना माणसाला असं सांगू नये. एकदा तो वाजवत होता.

शेवटी तिनं महेशला गाठलं. "कार्यक्रमात तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. थांबायचं असलं की गुडघ्याला हात लावा."

"वहिनी, एवढंच ना? झालं समजा."

पण अंबरनाथच्या विहाराच्या पटांगणात मांडव घालणाऱ्यानं प्लगचा बोर्ड एका अंगाला दिला होता. बेसचा डबा तिकडं, म्हणून राजेंद्र तिकडं. ढोलकीचे माइक दुसऱ्या टोकाला, म्हणून महेश दुसऱ्या टोकाला. महेशनं लांबूनच तिच्याकडे बघून दोन्ही हात पसरले. मध्ये यशोधरा उभी. हात लांब केला तर राजेंद्रच्या खांद्याला लागेल, एवढ्या अंतरावर.

ऊन उतरलं होतं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मांडवाच्या कडेपर्यंत माणसं. पहिली दोन गाणी नशिबानं सरळ गेली. बक्षीसवाले उठले ते गाणं संपल्यावरच उठले. बेसचा घुमारा फळ्यांमधून सगळ्यांच्या तळपायात जात होता. पुढच्या रांगेतलं एक पोर स्टेजच्या कडेला दोन्ही तळवे टेकवून उभं होतं आणि आईला ओढून म्हणत होतं, "बघ, हात लाव, बघ." दौलतरावांनी दुसऱ्या गाण्यानंतर राजेंद्रकडे बघून मान डोलावली.

तिसरं पाटीचं गाणं. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. दुसऱ्याची पहिली ओळ तिनं उचलली आणि तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा काठी टेकत उठला.

तो फार हळू येत होता. सगळ्यांना दिसत होता, त्याच्या मुठीतली नोट दिसत होती. दौलतरावांना दिसला, महेशला दिसला. यशोधरानं डावा हात बाजूला नेला, बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. राजेंद्रचे डोळे बंद होते. म्हाताऱ्यानं एक पायरी चढली, दम खाल्ला, दुसरी चढली. तिच्यापाशी येऊन तिच्या कानाशी वाकला.

"मी बुधाजी. पण माझं नाव नको पुकारू, बाय. विठाच्या नावानं पुकार. माझी मंडळी. तिला तुझं गाणं फार आवडायचं. मागच्या पौर्णिमेला होती."

यशोधरानं ओळ सोडली. ढोलकी थांबली. हार्मोनियम थांबली, कीबोर्ड थांबला.

एकटा बेस चालला होता, सुरात, संथ, एकही बोट न चुकता. माणसं माना उंचावून बघायला लागली. मागून कुणीतरी शुक् शुक् केलं. महेश अर्धा उठला आणि वायरींमध्ये अडकून परत बसला. दौलतरावांनी भात्यावरचा हात काढला, मांडीवर ठेवला आणि सोनूकडे बघून एकदाच मान हलवली. सोनूनं कीबोर्डवरची बेसच्या आवाजाची दोन बटणं दाबली.

यशोधरानं हात लांब केला.

राजेंद्रची मान तिच्या बाजूला किंचित कललेली होती, कान देऊन ऐकणाऱ्या माणसाची असते तशी. तो 'माये'पाशी आला होता. तिथं त्यानं तार हलकेच दाबून धरली, आवाज मिटवला आणि वाट पाहिली. एक मात्रा. दोन. तिची ती जागा वरून खाली यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. मग त्याच्या तोंडावर हसू आलं आणि त्यानं पुढचा सूर खालून, अगदी अलगद, आणून ठेवला.

तिचा हात त्याच्या खांद्याजवळ थांबला. मग तिनं तो मागं घेतला आणि माइकवर ठेवला, त्याचं तोंड झाकून.

"बाय," बुधाजी म्हणाले, "पुकारतेस ना?"

"पुकारते, बाबा. जरा थांबा," यशोधरा हळूच म्हणाली. "एवढा अंतरा होऊ दे."

बुधाजींनी तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं, मग वाजवणाऱ्याकडे. त्यांनी नोट पुन्हा मुठीत धरली, काठी नीट टेकवली आणि तेही तिच्या शेजारी उभे राहिले.